महागडा हेडफोन ॲम्प घ्यावा का? आधी घरी करून पाहायची मोजणी

माझ्या टेबलावर बारा हजारांचा साधा डेस्कटॉप ॲम्प (हेडफोनला लागणारी ताकद देणारी पेटी) चार वर्षांपासून आहे, त्याला सेनहायझर एचडी ६०० हा हेडफोन जोडलेला. मागच्या पावसाळ्यात मनाने घेतलं की आता साठ हजारांच्या वर्गातला ॲम्प घ्यायचा. एका दुकानात ऐकलाही होता; तिथे तो माझ्या ॲम्पपेक्षा मोकळा आणि भरदार वाटला. पैसे बाजूला काढलेलेच होते. तेवढ्यात नेरूळच्या एका मित्राकडे नेमका तोच ॲम्प असल्याचं कळलं. तो म्हणाला, "घेऊन जा दोन आठवडे. घरी ऐक, मग ठरव." टॉवेलात गुंडाळून, सॅकमध्ये घालून, नेरूळहून ठाण्याच्या लोकलने मी तो घरी आणला. त्या दोन आठवड्यांत जे केलं ते इथे क्रमाने लिहितो आहे, कारण अशी रक्कम हातात घेऊन याच प्रश्नापाशी अडलेले बरेच जण मला भेटतात.

ॲम्पकडून आपल्याला तीनच गोष्टी हव्या असतात: हेडफोनला लागेल तेवढा व्होल्टेज, तो देताना लागेल तेवढा करंट, आणि हे करताना स्वतःच्या पदरचं काही न मिसळणं. तिन्ही मोजता येतात. तुमचा आत्ताचा ॲम्प किंवा डोंगल (फोनला लावायचा हेडफोनचा छोटा अडॅप्टर) या तिन्हींत उत्तीर्ण असेल, तर त्याच हेडफोनवर महागड्या ॲम्पने आवाज सुधारण्याची शक्यता फार कमी उरते, असं माझं मत आहे. तो नापास होत असेल, तर मात्र पैसे जरूर घाला.

पहिलं काम: तक्रार एका ओळीत लिहा

कागदावर लिहा, मनात नको. "आवाज अजून चांगला हवा" ही तक्रार होत नाही. "जुनी खयालाची ध्वनिमुद्रणं पूर्ण व्हॉल्यूमलाही हळू वाजतात", "गाणं थांबलं की फुसफुस ऐकू येते", "बायाँची (डग्ग्याची) गुंज पोकळ वाटते", "तार सप्तकातला स्वर कानाला टोचतो" या तक्रारी आहेत. पहिली बहुधा ॲम्पची असते. दुसरी ॲम्पची असू शकते. तिसरी आणि चौथी जवळजवळ नेहमी हेडफोनची, त्याच्या पॅडची किंवा मुद्रणाची असते, आणि ॲम्प बदलून ती जात नाही. माझ्या कागदावर लिहिलं होतं: "दुकानातला जास्त भरदार वाटला." वाचल्यावर लक्षात आलं की यात माझ्या ॲम्पबद्दल एकही तक्रार नाही.

दुसरं काम: किती व्होल्ट लागतात ते काढा

सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरतो.

आधी किती मोठा आवाज हवा ते ठरवू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी सरासरी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणं सुरक्षित धरलं जातं. म्हणून सरासरी ८० धरा. पण संगीत सरासरीवर चालत नाही. मैफलीच्या मोकळ्या मुद्रणात तबल्याची एखादी थाप सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर उडी मारते. म्हणजे शिखर १००. तुम्ही इक्वलायझरने खर्ज ६ डेसिबल उचलत असाल, तर १०६. जुनी मुद्रणं मुळात हळू असतात, त्यासाठी आणखी ४. झाले ११०. हा आकडा उदार आहे. यापुढे जाणारी ताकद कानांसाठी नको आणि खिशासाठीही नको.

आता हेडफोनची सेन्सिटिव्हिटी पाहा. इथे बरेच जण फसतात, कारण कंपन्या ती दोन वेगळ्या मापांत देतात: एक मिलिवॅटला किती डेसिबल, किंवा एक व्होल्टला किती डेसिबल. दोन हेडफोनची तुलना करायची तर दोन्ही एका मापात आणायला हवेत. मिलिवॅटचा आकडा व्होल्टमध्ये आणण्यासाठी १००० ला हेडफोनच्या इम्पिडन्सने (ओहममधल्या रोधाने) भागा, उत्तराचा लॉग घ्या, दहाने गुणा आणि मूळ आकड्यात मिळवा. बायरडायनामिकचा २५० ओहमचा डीटी ९९० प्रो घ्या: एक मिलिवॅटला ९६ डेसिबल. १००० भागिले २५० म्हणजे ४, त्याचा लॉग ०.६, गुणिले दहा म्हणजे ६. म्हणून एक व्होल्टला १०२ डेसिबल.

एका व्होल्टला जेवढे डेसिबल मिळतात ते ११० मधून वजा करा. उरतील तेवढे डेसिबल वर चढायला किती व्होल्ट लागतात, त्याची ही मोजपट्टी: ३ डेसिबलला १.४ व्होल्ट, ६ ला २, १० ला ३.२, १४ ला ५, २० ला १० व्होल्ट. डीटी ९९० ला ८ डेसिबल हवेत, म्हणजे साधारण अडीच व्होल्ट.

माझ्या एचडी ६०० चा अधिकृत आकडा एक व्होल्टला ९७ डेसिबल. तूट १३ डेसिबलची, म्हणजे साडेचार व्होल्ट. एक व्होल्ट देणारा फोनचा डोंगल इथे ९७ डेसिबलच्या शिखरावर थांबतो. आजकालच्या मोठ्या आवाजात मास्टर केलेल्या गाण्यांना ते चालून जातं, पण मंद आलापीच्या मुद्रणाला कमी पडतं. म्हणून एचडी ६०० ला ॲम्प लागतो हे खरंच आहे. प्रश्न एवढाच की कुठला.

उलट ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स पाहा: ३८ ओहम, एक मिलिवॅटला ९९ डेसिबल. हिशोब केला तर एका व्होल्टला ११३ येतात. म्हणजे पाऊण व्होल्टही भरपूर. तो हेडफोन वापरणाऱ्याने ताकदीसाठी ॲम्प घेऊ नये. बहुतेक आयईएम (कानात घालायचे इअरफोन) तर याहून हलके चालतात. त्यांना पाव व्होल्टच्या आसपासच लागतो.

आता करंट. हायफायमनचा जुना एचई ६ हा प्लेनर (सपाट, पातळ पडद्याचा) हेडफोन ५० ओहमचा, सेन्सिटिव्हिटी एक मिलिवॅटला ८३.५ डेसिबल. व्होल्टच्या मापात ९६.५, म्हणजे एचडी ६०० च्या अगदी जवळ, आणि त्यालाही साडेचार-पावणेपाच व्होल्टच लागतात. पण व्होल्ट भागिले ओहम करा. एचडी ६०० इतक्या व्होल्टला १५ मिलिअँपिअर ओढतो. एचई ६ सुमारे ९५. ताकदीत सांगायचं तर एकाला ६७ मिलिवॅट, दुसऱ्याला जवळजवळ अर्धा वॅट. "जास्त ओहम म्हणजे चालवायला अवघड" हे लोकांच्या तोंडी असलेलं वाक्य इथे कोसळतं. बिचारा ३०० ओहमचा हेडफोन करंटच्या बाबतीत अतिशय अल्पसंतुष्ट असतो.

तुमच्या ॲम्पच्या कागदावर बहुधा "३२ ओहमला १ वॅट" असं काही लिहिलेलं असेल. वॅट आणि ओहम यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की व्होल्ट मिळतात: ३२ चं वर्गमूळ ५.७. पण आकडा तुमच्या हेडफोनच्या इम्पिडन्सचाच घ्या, ३२ ओहमचा आकडा ३०० ओहमला लावू नका. माझ्या ॲम्पचा ३०० ओहमचा आकडा १३० मिलिवॅट आहे, म्हणजे ६.२ व्होल्ट. मला हवे साडेचार. नेरूळचा ॲम्प त्याच इम्पिडन्सला ७०० मिलिवॅट देतो, म्हणजे साडेचौदा व्होल्ट. पाचपटीहून जास्त ताकद, पण डेसिबलमध्ये मोजली तर फक्त सात. आणि ते सात डेसिबल मी कधीच वापरणार नाही अशा उंचीवर आहेत. जाहिरातीतले २ वॅट आणि ६ वॅट यांच्यातही पाचच डेसिबलचं अंतर असतं.

व्हॉल्यूमचं बटण अर्ध्याच्या पुढे न्यावं लागतं म्हणून ॲम्प दमतो, असंही अनेकांना वाटतं. बटणाची जागा गेनवर (ॲम्प सिग्नल किती पट वाढवतो त्यावर) अवलंबून असते. लो गेनवर बटण तीन वाजता आणि हाय गेनवर दहा वाजता, दोन्हीकडे बाहेर जाणारा व्होल्टेज सारखाच असू शकतो. मी तर बटण जरा पुढे ठेवावं अशाच मताचा आहे, कारण साध्या पॉटमध्ये (व्हॉल्यूमच्या फिरत्या बटणामागच्या रेझिस्टरमध्ये) अगदी सुरुवातीच्या भागात डाव्या-उजव्या कानाचा आवाज समान राहत नाही.

तिसरं काम: आउटपुट इम्पिडन्स तपासा

ॲम्पच्या आत स्वतःचा थोडा रोध असतो. तो हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, असा रूढ ठोकताळा आहे. याचं कारण असं की बऱ्याच हेडफोनचा इम्पिडन्स सगळ्या सुरांना सारखा नसतो. एचडी ६०० चा इम्पिडन्स १०० हर्ट्झच्या आसपास ५०० ओहमपर्यंत चढतो. त्याला १२० ओहमचा आउटपुट इम्पिडन्स असलेला व्हॉल्व्हचा ॲम्प लावला, तर त्या पट्ट्यात खर्ज सुमारे १ डेसिबलने उचलला जातो. हा फरक खरा आहे आणि ऐकूही येतो. काहींना तो "ऊबदार" वाटतो आणि आवडतो, त्यात चूक काही नाही. पण तोच १ डेसिबल इक्वलायझर फुकट देतो. एकापेक्षा जास्त बॅलन्स्ड आर्मेचर (आवाज काढणारे चिमुकले भाग) असलेल्या आयईएममध्ये मात्र हा गोंधळ मोठा होतो, तिथे १ ओहमच्या आसपासचाच ॲम्प हवा. प्लेनर हेडफोनचा इम्पिडन्स सपाट असतो, त्यांना याचं काही देणंघेणं नाही.

कागदावर आकडा नसेल तर मोजता येतो. ३३ ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर घ्या. २०० हर्ट्झचा सलग सूर वाजवून आउटपुटला अर्धा-एक व्होल्ट आणा, मल्टिमीटरने आधी काहीही न जोडता मोजा, मग रेझिस्टर जोडून मोजा. दोन आकड्यांतला फरक भागिले दुसरा आकडा, गुणिले ३३. एक व्होल्टाचा ०.९७ झाला तर रोध साधारण १ ओहम. मोजणी सिंगल-एंडेड (साध्या, बॅलन्स्ड नसलेल्या) जॅकवरच करा आणि हेडफोन काढून ठेवा. दोन प्रोब एकमेकांना चिकटू देऊ नका.

मल्टिमीटरबद्दल एक सूचना, कारण यात माझे पैसे वाया गेले. दोन-अडीचशे रुपयांना मिळणाऱ्या पिवळ्या मीटरचा एसी व्होल्टेजचा सगळ्यात छोटा पट्टा २०० व्होल्टचा असतो. त्यावर अर्धा व्होल्ट मोजणं म्हणजे गुळाच्या काट्यावर सोनं तोलणं. एसीमध्ये मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर घ्या. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलात तर मीटर, रेझिस्टर, जॅक आणि स्प्लिटर (एका जॅकचे दोन करणारा) सगळं एका फेरीत होतं.

चौथं काम: हिस (फुसफुस) आणि हम (घुमघुम) यांचा उगम शोधा

गाणं थांबवा, व्हॉल्यूम नेहमीच्या जागी ठेवा, पंखा बंद करून ऐका. बारीक फुसफुस येत असेल आणि संवेदनशील आयईएम वापरत असाल, तर आधी लो गेन करा. तरीही राहिली तर कमी नॉइजचा ॲम्प घेण्याला योग्य कारण मिळालं. तो महागच असायला हवा असं नाही.

घुमघुम येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घुमघुम गेली, तर दोष ॲम्पचा नव्हता. चार्जर, मॉनिटर आणि ॲम्प वेगवेगळ्या सॉकेटवर असल्याने ग्राउंड लूप (अर्थिंगच्या तारांचं कडं) तयार झाला होता. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा, किंवा डॅकला (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणाऱ्या पेटीला) ऑप्टिकल केबलने जोडा. डेस्कटॉप पीसीच्या पुढच्या जॅकमधून माउस हलवला की येणारी किरकिर तर एखादा साधा यूएसबी डोंगल लावला तरी थांबते.

खोलीतला आवाजही लक्षात घ्या. मी घोडबंदर रोडपासून दोन गल्ल्या आत राहतो. रात्री कंटेनर सुरू झाले की खिडकी लावूनही खोली शांत नसते, आणि एचडी ६०० ओपन-बॅक आहे, बाहेरचं सगळं आत येतं. अशा खोलीत ११० डेसिबलचा सिग्नल-टू-नॉइज (संगीत आणि ॲम्पची स्वतःची खरखर यांतलं अंतर) आणि १२५ डेसिबलचा, यांतला फरक ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. विकृतीचंही तसंच. ०.००१ टक्के म्हणजे संगीताच्या १०० डेसिबल खाली. त्याहून दहापट चांगला आकडा कागदावर छान दिसतो, पण हेडफोनचा पडदा स्वतःच खर्जात याच्या शेकडोपट विकृती घालत असतो.

पाचवं काम: डोळे झाकून ऐका

इथपर्यंत सगळी गणितं माझ्या जुन्या ॲम्पच्या बाजूने होती. तरी ऐकल्याशिवाय मन मानेना, आणि मानू नयेच. पण ऐकण्याची पद्धत नीट हवी. कारण दोन ॲम्पपैकी एकाचा आवाज जराही मोठा असेल, तर कान त्याला "मोठा" म्हणत नाही. तो म्हणतो भरदार, मोकळा, जिवंत. आवाज वाढला की आपल्याला खर्ज तुलनेने जास्त ऐकू येतो, हे १९३३ सालच्या फ्लेचर आणि मन्सन यांच्या समान-तीव्रतेच्या आलेखांपासून माहीत आहे. दुकानात मला जे भरदार वाटलं त्यामागे हेच असावं. तिथे दोन्ही ॲम्पची बटणं अंदाजाने लावलेली होती.

तर असं करा. एकाच डॅकमधून वाय केबलने (एकाचे दोन फाटे करणाऱ्या) दोन्ही ॲम्पना सिग्नल द्या. दोन्ही ॲम्प चालूच ठेवा. काही ॲम्प बंद असताना डॅकच्या सिग्नलवर भार टाकतात आणि दुसऱ्याचा आवाज बिघडवतात. हेडफोन स्प्लिटरमधून जोडा, म्हणजे त्याचा भार असतानाच मोजता येईल. २०० हर्ट्झचा सूर वाजवून दोन्हींचा व्होल्टेज ०.१ डेसिबलच्या आत जुळवा. व्होल्टमध्ये हे सुमारे एक टक्का आहे: एकीकडे ०.५०० असेल तर दुसरीकडे ०.४९५ ते ०.५०५. हा सूर कानावर लावून बसू नका, अर्धा व्होल्टही कानाला बराच होतो. जुळल्यावर दोन्ही बटणांना हात लावायचा नाही. पुढे आवाज कमी-जास्त करायचा तो संगणकावरून.

पुढचं काम घरातल्या माणसाचं. माझ्या बायकोने ते केलं, आणि अतिशय काटेकोरपणे केलं. ॲम्पवर चादर टाकली. दर फेरीला तिने नाणं उडवलं. छापा आला तर एक ॲम्प, काटा आला तर दुसरा. ॲम्प तोच राहणार असला तरी ती प्लग काढून पुन्हा लावायची, नाहीतर खटक्याच्या आवाजावरूनच ओळखू आलं असतं. आधी मी दोन्ही ॲम्प माहीत असताना हवा तितका वेळ ऐकले, फरकाच्या जागा लिहून ठेवल्या. मग दहा फेऱ्या.

काय ऐकावं हेही सांगतो. नुसता तानपुरा. जवारी चांगली लागलेल्या तानपुऱ्यात इतके उपस्वर असतात की विकृती, हम, डावा-उजवा असमतोल, सगळं उघडं पडतं. त्यानंतर बायाँवरची घसीट असलेला एकल तबला. आणि तिसरं, तुम्ही शेकडो वेळा ऐकलेला एक आवाज. तुकडा वीस-तीस सेकंदांचाच घ्या. कानाची बारकाव्यांची स्मरणशक्ती फार थोडा वेळ टिकते.

दहापैकी नऊ बरोबर आले तर फरक ऐकू येतो असं म्हणता येतं. निव्वळ अंदाजाने तसं घडण्याची शक्यता सुमारे १ टक्का आहे. माझे सहा बरोबर आले. नाणं उडवत बसलं तरी सहा किंवा जास्त येण्याची शक्यता ३८ टक्के असते. दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या कानांनी, पुन्हा दहा केल्या. पाच.

मला वाईट वाटलं, हे लपवत नाही. दोन दिवसांपूर्वी मी लिहून ठेवलेल्या "मध्य सप्तक अधिक मोकळं" वगैरे ओळी माझ्याच अक्षरात समोर होत्या.

मग महाग ॲम्प कुणी घ्यावा

त्याच आठवड्यात मेव्हण्याने त्याचा जुना एचई ६ आणून माझ्या ॲम्पला लावला. मोठ्या थापेला आवाज स्पष्ट फाटत होता. नेरूळच्या ॲम्पवर तोच तुकडा स्वच्छ वाजला. इथे चाचणीची गरजच पडली नाही. गणिताने आधीच सांगितलं होतं की माझा ॲम्प ५० ओहमला इतका करंट देऊ शकणार नाही. मेव्हण्याने नंतर ताकदवान ॲम्प घेतला, आणि मीच त्याला घ्यायला लावला. पण तोही साठ हजारांचा नव्हता.

ताकदीशिवायही जास्त पैशांत काही खऱ्या गोष्टी मिळतात. रिलेवर चालणारा व्हॉल्यूम, ज्यात अगदी हळू आवाजातही दोन्ही कान समान राहतात. रात्री ऐकणाऱ्याला याचं मोल आहे. चालू-बंद करताना हेडफोनला धक्का न देणारं संरक्षण. स्पीकरसाठी प्रीआउट, रिमोट, दोन-तीन पायऱ्यांचा गेन. बॅलन्स्ड आउटपुटमध्ये (प्रत्येक कानाला दोन उलट सिग्नल देणाऱ्या) व्होल्टेज दुप्पटीपर्यंत, म्हणजे ६ डेसिबल जास्त मिळतो. त्याची गरज आहे की नाही हे दुसऱ्या कामातल्या हिशोबाने कळेलच. हे सगळं हवं असेल आणि परवडत असेल तर आनंदाने घ्या. क्लास ए ॲम्प घेणार असाल तर ठाण्याचा मे महिना आठवा. दिवसभर तापणारी ती पेटी हाताशी असणार आहे.

मी काय केलं? एचडी ६०० चे चार वर्षांचे चपटे झालेले पॅड बदलले. पॅड दबले की कान आणि ड्रायव्हर (आवाज काढणारा पडदा) यांतलं अंतर बदलतं आणि सूरच बदलतो. नवे पॅड घातल्यावर पहिल्याच मिनिटाला फरक कळला, चादर न टाकता. त्यानंतर विंडोजवर इक्वलायझर एपीओ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम टाकून खर्ज ५ डेसिबल उचलला, आणि आवाज फाटू नये म्हणून त्यातला प्रीॲम्प (एकूण पातळी) तेवढाच खाली घेतला. दुकानात ऐकलेला तो भरदारपणा आता माझ्या बारा हजारांच्या ॲम्पवर आहे.

हिशोब करून तुमचं उत्तर "घ्यावा" असं आलं, तर खरेदीच्या वेळी दोन गोष्टी पाहा. परदेशातून मागवताना कस्टम ड्युटी आणि जीएसटी धरून किंमत काढा, आणि दुरुस्तीला तो परत पाठवावा लागला तर खर्च कोणाचा ते आधी विचारा. आणि अडॅप्टर. अमेरिकेसाठीच्या मालासोबत ११० व्होल्टचा अडॅप्टर येऊ शकतो, आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला तो लावला की खेळ खल्लास. काही ॲम्पच्या मागे ११५ आणि २३० असा सरकवायचा खटका असतो. पहिल्यांदा प्लग लावण्याआधी टॉर्च घेऊन तो बघा. बिल जपून ठेवा, परत करण्याची मुदत किती दिवसांची ते लिहून घ्या, आणि ती संपायच्या आत चादर टाकून दहा फेऱ्या करा.